हृदयस्नायूंच्या दुरुस्तीचा शोध : मूलपेशींपासून एक्झोसोमपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

हृदयविकाराच्या झटक्यात मृत झालेला हृदयस्नायू पुन्हा निर्माण करता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकशास्त्रापुढे नव्याने उभा राहिला. इ. स. २००१ नंतर मूलपेशींचे रोपण हे त्याचे उत्तर मानले गेले. परंतु रोपण केलेल्या पेशी हृदयात टिकत नाहीत व त्यांचे स्नायूत रूपांतर होत नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. तरीही प्राण्यांवरील प्रयोगांत हृदयाच्या कार्यात सुधारणा दिसत होती. या विसंगतीचा उलगडा करण्याच्या प्रयत्नांतून संशोधकांचे लक्ष पेशीकडून पेशीच्या स्रावाकडे आणि अखेरीस त्या स्रावातील 'एक्झोसोम' या अतिसूक्ष्म पुटिकांकडे वळले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा कालक्रमाने आढावा घेतला असून, त्यामागील पुराव्यांचे स्वरूप, संशोधनातील गैरप्रकारांचा परिणाम आणि भारतातील नियमनाचा संदर्भ तपासला आहे.

महत्त्वाचे शब्द : मूलपेशी, एक्झोसोम, पेशीबाह्य पुटिका, हृदयस्नायू, मायक्रोआरएनए, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

हृदयाला रक्तपुरवठा करणारी रोहिणी अचानक बंद पडली म्हणजे तिच्या क्षेत्रातील स्नायूपेशी काही तासांत मरू लागतात. मनुष्याच्या डाव्या जवनिकेत काही अब्ज स्नायूपेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यांपैकी सुमारे एक अब्ज पेशी नष्ट होऊ शकतात. यकृताला किंवा त्वचेला झालेली हानी शरीर बऱ्याच अंशी भरून काढते. हृदयात मात्र मृत स्नायूच्या जागी तंतुमय वण तयार होतो. हा वण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवरील ताण वाढतो, जवनिका फुगत जाते आणि कालांतराने हृदय निकामी होण्याची अवस्था येते. बंद रोहिणी उघडण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ प्रगत झाले. त्यामुळे झटक्यातून वाचणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्याचबरोबर दुर्बल हृदय घेऊन जगणाऱ्यांचा प्रश्नही वाढला. औषधे हा ऱ्हास लांबवतात, पण गेलेला स्नायू परत आणत नाहीत. हृदयरोपणासाठी दाते अपुरे असतात. हृदयस्नायूंच्या दुरुस्तीची कल्पना या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

विज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत विषयाचा इतिहास तसा नाही. येथे एक मोठे गृहीतक चुकीचे ठरले आणि त्याच्या अवशेषांतून दुसरे गृहीतक उभे राहिले. ते दुसरे गृहीतकही अद्याप कसोटीवरच आहे. म्हणूनच विज्ञान शिकविणाऱ्यांना आणि विज्ञानाचा सामाजिक इतिहास अभ्यासणाऱ्यांनाही हा विषय महत्त्वाचा वाटावा.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) हृदयाच्या पुनर्निर्मितीविषयीच्या कल्पनांत झालेला बदल कालक्रमाने मांडणे.
२) एक्झोसोमच्या शोधाचा स्वतंत्र इतिहास पाहून तो हृदयसंशोधनाशी कोठे व का जोडला गेला हे स्पष्ट करणे.
३) या स्थित्यंतरामागील प्रायोगिक पुराव्यांचे मूल्यमापन करणे.
४) रुग्णांवरील वापर व भारतातील नियमन यांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित शोधनिबंध, वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल आणि शासकीय मार्गदर्शक तत्त्वे या साधनांचा आधार घेतला आहे.

न विभागणारे हृदय : एका जुन्या मताची फेरतपासणी

प्रौढ हृदयातील स्नायूपेशी विभागत नाहीत. जन्मानंतर अल्पकाळात त्यांची संख्या निश्चित होते आणि पुढे केवळ त्यांचा आकार वाढतो, असे मत विसाव्या शतकात दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत मांडले जात होते. या मताची निर्णायक तपासणी स्वीडनमधील योनास फ्रिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचा अहवाल २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शीतयुद्धाच्या काळात वातावरणात झालेल्या अणुस्फोट चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण वाढले होते. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते हळूहळू घटत गेले. पेशी जन्माला येते त्या वेळचे प्रमाण तिच्या डीएनएमध्ये नोंदले जाते. या नोंदीवरून स्नायूपेशींचे वय ठरविण्यात आले. वयाच्या पंचविसाव्या वर्षी दरवर्षी सुमारे १ टक्का, तर पंच्याहत्तराव्या वर्षी सुमारे ०.४५ टक्के स्नायूपेशी नव्याने निर्माण होतात, असे आढळले. म्हणजे हृदय अगदीच अपरिवर्तनीय नाही. पण झटक्याची हानी भरून काढण्यास हा वेग सर्वथा अपुरा आहे.

या दोन टोकांच्या मधल्या जागेत, हृदय स्वतः जे करू शकत नाही ते बाहेरून आणलेल्या पेशींकडून करवून घ्यावे, ही कल्पना रुजली. जून २००० मध्ये पॅरिस येथे शल्यचिकित्सक फिलिप मेनाशे यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतील अपक्व पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या हृदयातील वणात टोचल्या. मात्र याच पद्धतीच्या ९७ रुग्णांवरील 'मॅजिक' या नियंत्रित चाचणीचा अहवाल २००८ मध्ये आला, तेव्हा हृदयाच्या कार्यात अपेक्षित सुधारणा आढळली नाही.

अस्थिमज्जेचे दशक (२००१ ते २०१०)

एप्रिल २००१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात डोनाल्ड ऑर्लिक, पिएरो अन्वर्सा व सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. उंदरांच्या अस्थिमज्जेतील विशिष्ट पेशी झटका आलेल्या हृदयात टोचल्या असता नऊ दिवसांत बाधित भागाच्या ६८ टक्के क्षेत्रात नवा स्नायू तयार झाला, असा त्यात दावा होता. अस्थिमज्जा रुग्णाच्याच शरीरातून काढता येते. तिला शरीर परके मानत नाही, आणि भ्रूणपेशींच्या वापरासारखा नैतिक वादही तिच्याबाबत उद्भवत नाही. त्यामुळे या दाव्याचे स्वागत विलक्षण वेगाने झाले. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ, फ्रँकफुर्ट व हॅनोवर येथे अल्पावधीतच रुग्णांवर प्रयोग सुरू झाले.

परंतु २००४ मध्ये 'नेचर'च्याच पानांवर अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. चार्ल्स मरी यांचा गट वॉशिंग्टन विद्यापीठाचा, तर लोरा बाल्सम व रॉबर्ट रॉबिन्स यांचा गट स्टॅनफर्डचा होता. पेशींना जनुकीय खुणा करून त्यांचा मागोवा घेतला असता, रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींचे हृदयस्नायूत रूपांतर होत नाही, असा दोघांचाही निष्कर्ष होता.

रुग्णांवरील चाचण्यांचे चित्रही संमिश्र होते. हॅनोवरच्या ६० रुग्णांवरील 'बूस्ट' चाचणीत सहा महिन्यांनंतर दिसलेली आघाडी अठरा महिन्यांनंतर टिकली नाही. सप्टेंबर २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन चाचण्यांचे अहवाल आले. २०४ रुग्णांच्या जर्मन चाचणीत हृदयाच्या उत्क्षेपण क्षमतेत उपचार गटाची वाढ ५.५ अंश व तुलनागटाची ३.० अंश होती. नॉर्वेतील चाचणीत मात्र काहीच फरक आढळला नाही.

येथे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. पेशी स्नायू बनत नाहीत, त्यांतील बहुतेक काही दिवसांत नाहीशा होतात, तरीही प्राण्यांच्या हृदयात सुधारणा दिसते. तर ती कशामुळे? दोनच उत्तरे संभवत होती. एक, सुधारणा हा मोजमापाचा भास आहे. दोन, पेशी नाहीशा होण्यापूर्वी असे काही मागे ठेवून जातात की ज्यामुळे हृदयाच्या स्वतःच्या पेशी तग धरतात. पुढील दशकाचे संशोधन बहुतांशी दुसऱ्या उत्तराच्या दिशेने गेले. पहिले उत्तर मात्र पूर्णपणे बाजूस सारता आले नाही, हे पुढे दिसून येईल.

पेशीकडून स्रावाकडे

२००५ मध्ये मासिमिलियानो नेक्की, व्हिक्टर झाउ व सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवून दिले की, 'एकेटी' हे जनुक घालून सक्षम केलेल्या मेसेन्कायमल मूलपेशी ज्या द्रवात वाढविल्या तो द्रवच, पेशींशिवाय, झटका आलेल्या हृदयाचे रक्षण करू शकतो. पेशी शेजारच्या पेशींवर स्रावाद्वारे परिणाम करतात, या कल्पनेला 'पॅराक्राइन' परिणाम म्हणतात. मूलपेशींकडे कच्चा माल म्हणून पाहण्याऐवजी औषध तयार करणारा कारखाना म्हणून पाहण्याची दृष्टी येथून दृढ झाली.

तथापि, स्रावात शेकडो प्रथिने असतात. त्यांतील नेमका गुणकारी घटक कोणता, हा प्रश्न शिल्लक होता. सिंगापूर येथील साइ किआंग लिम आणि नेदरलँड्समधील डोमिनिक डी क्लेन यांच्या गटांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी मानवी मेसेन्कायमल मूलपेशींचा स्राव आकारानुसार वेगवेगळ्या भागांत गाळून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासला. संरक्षण देणारा भाग १००० किलोडाल्टनपेक्षा मोठ्या घटकांचा निघाला. सुटे प्रथिन सामान्यतः एवढे मोठे नसते. तेव्हा गुणकारी घटक हा एखादा रेणू नसून अनेक रेणूंना सामावून घेणारी रचना असावी, असे अनुमान निघाले. २०१० मध्ये 'स्टेम सेल रिसर्च' या नियतकालिकात रुएन्ने चाइ लाइ, लिम व सहकाऱ्यांनी ती रचना म्हणजे एक्झोसोम होय, असे जाहीर केले. शुद्ध केलेले हे एक्झोसोम दिल्याने उंदरांच्या हृदयातील मृत भागाचा आकार कमी झाला होता.

एक्झोसोमचा स्वतंत्र इतिहास

एक्झोसोमचा शोध हृदयसंशोधकांनी लावला नाही. ही संकल्पना रक्तविज्ञान व पेशीविज्ञानातून आली, आणि तिचा प्रारंभीचा अर्थ अगदी वेगळा होता.

१९४६ मध्ये एर्विन शारगाफ व रँडॉल्फ वेस्ट यांना रक्तद्रवात रक्त गोठविणारे अतिसूक्ष्म कण आढळले. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तबिंबिकांपासून सुटणाऱ्या अशा कणांना 'बिंबिकांची धूळ' म्हटले. या शब्दयोजनेतच त्या काळाची दृष्टी दिसते. १९८३ मध्ये दोन गटांनी, अमेरिकेतील सेंट लुईस येथे क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूजर व फिलिप स्टाल यांनी आणि कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे बिन-ताओ पान व रोझ जॉनस्टोन यांनी, तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना लोह घेणारे ग्राहक प्रथिन कोठे जाते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते प्रथिन पेशीच्या आत लहान पुटिकांवर गोळा होते. अशा अनेक पुटिका एका मोठ्या पिशवीत साठतात. ती पिशवी पेशीच्या आवरणाला मिळते आणि आतील पुटिका बाहेर सोडल्या जातात, असे त्यातून स्पष्ट झाले. १९८७ मध्ये जॉनस्टोन यांनी या पुटिकांसाठी 'एक्झोसोम' हा शब्द रूढ केला. हा शब्द तत्पूर्वी १९८१ मध्ये दुसऱ्या गटाने पेशीआवरणापासून सुटणाऱ्या पुटिकांसाठी वापरला होता. १९९७ पासून आरएनएचे विघटन करणाऱ्या एका प्रथिनसमूहालाही हेच नाव मिळाले. अध्यापनात हा नामसाधर्म्याचा घोटाळा टाळणे आवश्यक आहे.

पेशीला नको असलेले पदार्थ बाहेर टाकण्याची एक सोय, एवढाच अर्थ त्या वेळी एक्झोसोमला दिला गेला. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो, हान्स ग्युझे व सहकाऱ्यांनी बी-लसिकापेशींचे एक्झोसोम रोगप्रतिकारक पेशींना उद्दीपित करू शकतात हे दाखविले. १९९८ मध्ये लॉरांस झिटव्होगेल यांच्या गटाने उंदरांतील अर्बुदाविरुद्ध त्यांचा उपयोग केला. २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हादी वलादी, यान लोटवाल व सहकाऱ्यांनी एक्झोसोममधून संदेशवाहक आरएनए व मायक्रोआरएनए एका पेशीतून दुसरीत जातात आणि तेथे त्यांचा परिणाम होतो, असे सिद्ध केले. मायक्रोआरएनए हे लहान रेणू अनेक जनुकांच्या अभिव्यक्तीवर एकाच वेळी नियंत्रण ठेवू शकतात. त्यामुळे केराचे वाहन समजली गेलेली पुटिका आता निरोपाचे वाहन ठरली.

या दोन प्रवाहांचा कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. हृदयसंशोधक स्रावातील गुणकारी घटकाच्या शोधात होते, नेमक्या त्याच सुमारास पेशीविज्ञानाने अनेक रेणू एकत्र वाहून नेणारी व दुसऱ्या पेशीचे वर्तन बदलणारी रचना त्यांच्या हाती दिली. २००७ च्या निबंधाशिवाय २०१० च्या निबंधाचा अर्थ इतक्या सहज लागला नसता.

पुराव्याची साखळी (२०१० ते २०१८)

एखादा घटक परिणामाचे कारण आहे असे म्हणावयाचे तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. तो घटक एकटा दिला असता परिणाम घडला पाहिजे, आणि तो काढून घेतला असता परिणाम नाहीसा झाला पाहिजे. लिम यांच्या प्रयोगाने पहिली बाब दाखविली होती. दुसरी बाब लॉस एंजेलिस येथील एदुआर्दो मार्बान यांच्या गटाने पुढे आणली.

मार्बान यांनी हृदयाच्या ऊतीतून वाढविलेल्या 'कार्डिओस्फिअर' पेशींवर दीर्घकाळ काम केले होते. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या 'कॅड्युसिअस' चाचणीत २५ रुग्णांपैकी १७ जणांना या पेशी देण्यात आल्या होत्या. वणाचा आकार कमी झाला, परंतु हृदयाच्या उत्क्षेपण क्षमतेत दोन गटांत फरक पडला नाही. २०१४ मध्ये अहमद इब्राहिम, मार्बान व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, याच पेशींचे एक्झोसोम उंदरांच्या हृदयात पेशींसारखाच परिणाम घडवतात. आणि रसायनाद्वारे पेशींची एक्झोसोम निर्मिती रोखली तर पेशींचा लाभही लोप पावतो. 'मिर-१४६ए' हा मायक्रोआरएनए त्यात महत्त्वाचा आढळला, परंतु तो एकटा संपूर्ण परिणाम घडवू शकला नाही.

२०१५ मध्ये राज किशोर यांच्या गटाने उंदरांच्या भ्रूण मूलपेशींच्या एक्झोसोमविषयी तसेच निष्कर्ष मांडले. २०१७ मध्ये मार्बान यांच्या गटाने डुकरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. डुकराचे हृदय आकाराने व रक्तवाहिन्यांच्या रचनेने मानवी हृदयाच्या जवळचे असल्याने ही पायरी महत्त्वाची होती. एक्झोसोम थेट हृदयस्नायूत टोचले असता वण कमी झाला व कार्य सुधारले. रोहिणीतून सोडले असता तसा लाभ झाला नाही. औषध कोणत्या मार्गाने द्यावयाचे हा प्रश्न दुय्यम नाही, हे यावरून ध्यानात आले.

या प्रयोगांतून एक्झोसोमच्या कार्याचे जे चित्र तयार झाले ते असे : ते संकटग्रस्त स्नायूपेशींचा मृत्यू रोखतात, दाह निर्माण करणाऱ्या भक्षकपेशींचे वर्तन बदलतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देतात आणि तंतुमय वणाची व्याप्ती मर्यादित करतात. नवा स्नायू मोठ्या प्रमाणावर निर्माण करणे हे त्यांचे मुख्य कार्य नव्हे. २००१ मधील 'पुनर्निर्मिती'चे स्वप्न २०१८ पर्यंत 'संरक्षण व दुरुस्ती' या अधिक मर्यादित उद्दिष्टापाशी आले होते. उद्दिष्टातील हा संकोच हाच या इतिहासाचा गाभा होय.

विश्वासार्हतेचे संकट

वर उल्लेखिलेले पहिले उत्तर, म्हणजे सुधारणा हा मोजमापाचा भास असावा ही शंका, या काळात पुन्हा पुढे आली. २०१४ मध्ये 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॅमासिन' या अभ्यासाने अस्थिमज्जा पेशींच्या ४९ चाचण्यांवरील १३३ अहवाल तपासले व त्यांत ६०४ विसंगती नोंदविल्या. ज्या चाचण्यांत विसंगती नव्हत्या त्यांत हृदयाच्या कार्यात वाढ आढळली नाही. ज्यांत तीसहून अधिक विसंगती होत्या त्यांत मात्र सरासरी ७.७ अंशांची वाढ होती. चुका जितक्या अधिक तितका लाभ अधिक, असा हा संबंध होता.

दुसरा आघात अधिक गंभीर होता. हृदयात स्वतःच्या मूलपेशी असतात व 'सी-किट' या खुणेने त्या ओळखता येतात, असे प्रतिपादन अन्वर्सा यांच्या गटाने केले होते. २०१४ मध्ये जेफ्री मोल्केन्टिन यांच्या गटाने या पेशींपासून निर्माण होणाऱ्या स्नायूपेशींचे प्रमाण नगण्य असल्याचे दाखविले. त्याच वर्षी अन्वर्सा यांच्या गटाचा 'सर्क्युलेशन'मधील एक निबंध मागे घेण्यात आला. २०१७ मध्ये संबंधित रुग्णालय व त्याची मूळ संस्था यांनी अमेरिकी शासनाशी १ कोटी डॉलरची तडजोड केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय व ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालय यांनी खोटी वा बनावट माहिती असल्याच्या कारणावरून या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'ने 'सी-किट' पेशींच्या 'सिपिओ' या मानवी चाचणीचा अहवाल मागे घेतला. अशा पेशी प्रत्यक्ष रुग्णांच्या हृदयात सोडल्या गेल्या होत्या, ही बाब या प्रकरणाला केवळ शैक्षणिक वादापलीकडे नेते.

एक्झोसोमविषयक संशोधन या गैरप्रकारात गुंतलेले नव्हते. परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आले, त्या प्रश्नाचा काही भाग संशयास्पद माहितीवर उभा होता. मोल्केन्टिन यांच्या गटाने २०१९ च्या अखेरीस आणखी एक निरीक्षण मांडले. उंदरांच्या हृदयात मृत पेशी किंवा दाह निर्माण करणारा एक रासायनिक पदार्थ टोचला तरी जिवंत मूलपेशींइतकाच लाभ होतो; अर्थात लाभाचे कारण शरीराचा रोगप्रतिकारक प्रतिसाद हे असावे. या निष्कर्षाने एक्झोसोमचे गृहीतक खोडून निघत नाही, कारण भक्षकपेशींच्या माध्यमातून परिणाम घडतो हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. मात्र तो परिणाम एक्झोसोमचाच खास गुण आहे की कोणत्याही उद्दीपकाने घडतो, हे तपासण्याची जबाबदारी त्याने वाढविली.

मोठ्या चाचण्यांनीही सावधगिरीचाच इशारा दिला. कार्डिओस्फिअर पेशींच्या 'ऑलस्टार' चाचणीत वणाचा आकार अपेक्षेप्रमाणे घटला नाही. ३००० रुग्णांची योजना असलेल्या युरोपीय 'बामी' चाचणीत ३७५ रुग्णच समाविष्ट होऊ शकले आणि ती निर्णायक ठरली नाही. या दोन्हींचे अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेतून रुग्णाकडे : अडचणी व सद्यःस्थिती

एक्झोसोमचे व्यावहारिक फायदे उघड आहेत. ते जिवंत नसल्याने विभागत नाहीत. त्यामुळे अर्बुदाचा धोका कमी मानला जातो. ते गोठवून साठविता येतात व गरजेच्या वेळी तत्काळ देता येतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आठवडेच्या आठवडे वाढविण्याची आवश्यकता राहत नाही.

अडचणीही तितक्याच ठोस आहेत. पहिली अडचण ओळखीची. एक्झोसोमचा व्यास साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर असतो, आणि पेशीआवरणापासून थेट सुटणाऱ्या इतर पुटिकाही त्याच आकाराच्या असू शकतात. एकदा पेशीबाहेर पडल्यावर पुटिकेचे मूळ सिद्ध करणे कठीण असते. म्हणूनच २०११ मध्ये स्थापन झालेल्या पेशीबाह्य पुटिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ व २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतून किमान निकष ठरविले आणि मूळ सिद्ध नसल्यास 'पेशीबाह्य पुटिका' हीच संज्ञा वापरण्याचा आग्रह धरला. दुसरी अडचण शुद्धतेची आहे. अतिवेगवान अपकेंद्रण यंत्राने पुटिका वेगळ्या करताना सोबत प्रथिनेही येतात. तिसरी अडचण मात्रेची. ती कणांच्या संख्येवर ठरवावी, प्रथिनांच्या वजनावर की परिणामावर, याविषयी एकवाक्यता नाही. चौथी अडचण अशी की, शिरेतून दिलेल्या पुटिकांचा मोठा भाग यकृत व प्लीहा यांत अडकतो आणि हृदयापर्यंत अल्प भागच पोहोचतो.

या संदर्भात मेनाशे यांचा प्रवास बोलका आहे. स्नायूपेशींच्या अपयशानंतर त्यांनी मानवी भ्रूण मूलपेशींपासून हृदयाच्या पूर्वज पेशी तयार केल्या व २०१४ पासून त्या सहा रुग्णांच्या हृदयावर पट्टीच्या रूपाने बसविल्या. दरम्यान, २०१६ मध्ये त्यांच्या गटाने अशा पेशींच्या पुटिका उंदरांत पेशींइतक्याच परिणामकारक असल्याचे दाखविले. २०२४ मध्ये त्यांच्या गटाने हृदय निकामी झालेल्या एका रुग्णास पुटिकायुक्त स्राव तीन वेळा शिरेतून दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उपचार सुसह्य ठरला. परंतु एका रुग्णावरून परिणामकारकता सिद्ध होत नाही. पेशी, भ्रूणपेशी व अखेरीस पेशीरहित स्राव, असा हा एका संशोधकाच्या पाव शतकाचा क्रम संपूर्ण क्षेत्राच्या वाटचालीचा आलेखच होय.

भारतीय संदर्भ

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकात 'संशोधन' व 'उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्द वगळण्यात आला, आणि २०१७ च्या आवृत्तीतही तेच धोरण कायम राहिले. रक्तविकारांसारख्या मान्यताप्राप्त स्थितींमधील रक्तनिर्मितीक्षम मूलपेशींचे रोपण सोडल्यास, मूलपेशींचा वापर रीतसर मान्यता मिळालेल्या वैद्यकीय चाचणीबाहेर करू नये, अशी ही भूमिका आहे. एक शब्द वगळण्यातून शासनसंस्थेने विज्ञानाच्या सद्यःस्थितीविषयी जे विधान केले, ते वर मांडलेल्या इतिहासाशी सुसंगत आहे.

एक्झोसोमच्या बाबतीत हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेब्रास्का राज्यात एक्झोसोम उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर अपाय झाल्यानंतर जाहीर इशारा दिला आणि मान्यताप्राप्त असे एकही एक्झोसोम उत्पादन नसल्याचे स्पष्ट केले. आजही हृदयविकारासाठी अशा उत्पादनास तेथे मान्यता नाही. 'पेशी नाहीत, म्हणून धोका नाही' हा युक्तिवाद बाजारपेठेला सोयीचा असला तरी शास्त्रीय नाही. ज्या पुटिकेत अनेक जनुकांवर परिणाम करण्याची क्षमता आहे, तिच्यात अपाय करण्याचीही क्षमता असू शकते.

निष्कर्ष

१) हृदयस्नायूंच्या दुरुस्तीसाठी एक्झोसोमच्या वापराची कल्पना स्वतंत्रपणे उदयास आली नाही. मूलपेशी स्नायू बनतात हे गृहीतक २००४ नंतर ढासळल्याने निर्माण झालेल्या विसंगतीचे ती उत्तर होती.

२) १९८३ पासून रक्तविज्ञान व पेशीविज्ञानात विकसित झालेली संकल्पना २००७ ते २०१० या काळात हृदयसंशोधनाला येऊन मिळाली. टाकाऊ मानलेल्या घटकाचे संदेशवाहक म्हणून झालेले पुनर्मूल्यांकन हे त्या मीलनाचे कारण होते.

३) प्राण्यांवरील प्रयोगांत एक्झोसोमच्या परिणामकारकतेची साखळी बऱ्यापैकी सुसंगत आहे. मानवातील परिणामकारकता मात्र सिद्ध झालेली नाही.

४) मूलपेशींच्या क्षेत्रात प्राण्यांवरील प्रयोगांतून रुग्णांकडे जाण्याची घाई झाली, विसंगत अहवालांकडे दुर्लक्ष झाले आणि पुनःपडताळणीला दुय्यम स्थान मिळाले. हीच चूक एक्झोसोमच्या बाबतीत टाळणे हे या इतिहासाचे सर्वांत व्यावहारिक तात्पर्य होय.

२००१ चा दावा तपासून पाहण्यास विज्ञानाला तीन वर्षे लागली, परंतु त्याचे परिणाम निस्तरण्यास जवळपास दोन दशके गेली. या काळात मधल्या फळीतील अनेक तरुण संशोधकांचे श्रम, सार्वजनिक निधी आणि मुख्यतः रुग्णांचा विश्वास खर्ची पडला. महाविद्यालयीन अध्यापनात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे केवळ निष्कर्ष न ठेवता ते कोणत्या पुराव्यावर उभे आहेत व कोणत्या पुराव्याने कोसळले, हेही ठेवले गेले पाहिजे. एक्झोसोमचे भवितव्य काहीही असो, त्यासाठी हा इतिहास एक उपयुक्त पाठ ठरेल.